चापडे आणि रॅटलस्नेक: रानात बसलेले, दगडात कोरलेले

रानवेल:

रॅटलस्नेकची, म्हणजे शेपटीला खुळखुळा असलेल्या अमेरिकेतल्या विषारी सापाची, चित्रं शोधायला बसलं की जवळपास प्रत्येक चित्रात तोच साप दिसतो. जबडा ताणून उघडलेला, विषदंत पुढे आलेले, मान मागे खेचलेली. टीशर्टवर, गोंदणात, पोस्टरवर, सगळीकडे हाच. रानात मात्र या सापाचं बहुतेक आयुष्य बसून राहण्यात जातं. चावा हा त्यातला क्षणभराचा भाग. आणि नुसता जबडा उघडून धाक दाखवण्याची सवय बहुतेक पिट व्हायपरना, म्हणजे रॅटलस्नेक आणि आपले चापडे ज्या कुळातले त्या सापांना, नाही. अमेरिकेतला कॉटनमाउथ ते करतो, म्हणून तर तोंडातल्या पांढऱ्या अस्तरावरून त्याचं नाव पडलं.

उत्तर अमेरिकेच्या पूर्वेकडच्या जंगलांतला टिंबर रॅटलस्नेक घ्या. पडलेल्या झाडाच्या खोडाला काटकोनात वेटोळं घालून बसतो आणि हनुवटी खोडावर टेकवून ठेवतो. उंदीर, चिपमंक अशा खोडांचा वाट म्हणून वापर करतात, हे त्याला बरोबर ठाऊक असतं. कुठलं खोड वापरातलं आहे हे तो वासावरून ठरवतो. एकदा बसला की तासन् तास, कधी कधी दिवसभर हलत नाही. वर्षाकाठी मोजकीच भक्ष्यं मिळाली तरी त्याचं भागतं.

हा बसलेला साप मला चित्र-शिल्पांत फार थोड्या ठिकाणी सापडला, आणि सगळ्यांत ताकदीने सापडला तो ॲझ्टेक शिल्पकारांकडे. ब्रिटिश म्युझियममध्ये ग्रॅनाइटमध्ये कोरलेला वेटोळं घातलेला रॅटलस्नेक आहे. मेक्सिको सिटीतल्या मानववंशशास्त्राच्या राष्ट्रीय संग्रहालयातही असे साप आहेत. दुभंगलेली जीभ आहे, दात आहेत, खुळखुळा आहे, पण शरीर सैल आहे. वेटोळ्याचं वजन जमिनीवर पूर्ण टेकलेलं जाणवतं. शिल्प उलटं केलं तर खालची बाजूसुद्धा कोरलेली! पोटाखालचे आडवे रुंद खवले, वेटोळ्यांची आतली वळणं, सगळं तितक्याच निगुतीनं. लाल रंगाच्या खुणाही राहिल्या आहेत. जी बाजू कायम जमिनीकडे राहणार, ती कोरण्यात एखाद्या कारागिराने आपले किती दिवस घालवले असतील!

माझं म्हणणं थोडक्यात असं: ज्यांनी हा साप बसलेला पाहिला त्यांनीच तो खरा पाहिला, आणि त्यांच्या कामात ते उतरलं. तुम्हाला काय वाटतं? रानातले अनुभव, चित्रं, शिल्पं, सगळं चालेल. चापड्यांबद्दलही लिहा, तेही याच कुळातले.

---

मुक्ताई_२:

छान विषय. वाचतेय. पिट म्हणजे नक्की काय आणि ते काम कसं करतं, हे कुणी सविस्तर सांगेल का? उष्णता 'दिसते' असं सगळे लिहितात, पण म्हणजे काय होतं?

---

अधोरेखित:

@मुक्ताई_२, प्रयत्न करतो.

नाकपुडी आणि डोळा यांच्या मधोमध, किंचित खाली, दोन्ही बाजूंना एकेक खोलगट खळगा असतो. हाच पिट. त्याच्या आत एक पडदा ताणलेला असतो, जाडी साधारण १५ मायक्रोमीटर, म्हणजे आपल्या केसापेक्षा कितीतरी पातळ. पडद्याच्या पुढेही हवा, मागेही हवेची पोकळी. त्यामुळे तो चटकन तापतो आणि चटकन निवतो. पडद्यात मज्जातंतूंचं दाट जाळं असतं आणि तापमानातला अंशाचा अगदी लहान हिस्साही त्याला कळतो.

पिटचं काम काय, यावर खूप काळ तर्कच चालले होते. कुणी त्याला कान म्हणे, कुणी वासाचं इंद्रिय. १९३७ साली नोबल आणि श्मिट यांनी सापांचे डोळे झाकून त्यांच्यासमोर कापडात गुंडाळलेले दिवे धरले. साप गरम दिव्यावर अचूक झेपावले, गार दिव्याकडे त्यांनी ढुंकूनही पाहिलं नाही. पिट बंद केले की तेही थांबलं. पुढे २०१० मध्ये या तंतूंमधला उष्णता टिपणारा रेणूही सापडला, टीआरपीए१. आपल्या शरीरातही तो आहे, मोहरीचा झणका जाणवतो तो त्याच्याचमुळे. सापात त्याची घडण बदलून तो उष्णतेसाठी वापरला गेला. डेव्हिड ज्युलियस यांच्या प्रयोगशाळेतलं हे काम. त्यांना २०२१ चं नोबेल मिळालं ते मिरचीच्या तिखटपणातून सापडलेल्या दुसऱ्या रेणूसाठी, पण कुटुंब तेच.

आता तुमचा खरा प्रश्न, 'दिसते' का? मला वाटतं, हा शब्द इथे योग्यच आहे. पिटचं तोंड रुंद असल्यामुळे पडद्यावर पडणारी उष्णतेची प्रतिमा धूसर असते. पण तिथून निघालेले संदेश मेंदूत ज्या भागात पोचतात, तिथेच डोळ्यांचेही संदेश येतात. १९८० च्या सुमारास रॅटलस्नेकच्या मेंदूत अशा पेशी सापडल्या ज्या डोळा आणि पिट दोघांनाही प्रतिसाद देतात. काही पेशी तर दोन्ही संदेश एकदम आले तरच जाग्या होतात. म्हणजे सापासमोर दोन वेगळी चित्रं नसून एकावर एक बसलेलं एकच चित्र असावं.

रानवेल यांच्या मुद्द्याला जोडून: हे इंद्रिय बसून राहणाऱ्या शिकाऱ्याला फार सोयीचं आहे. आपण हलायचं नाही, पार्श्वभूमी हलत नाही, आणि थंड जंगलातून एक गरम ठिपका सरकत येतो.

---

ओलीपानं:

रॅटलस्नेक मी पाहिलेला नाही, मलबारी चापडा पाहिला आहे, तेवढंच लिहिते.

पश्चिम घाटातल्या पावसात रात्री हे दिसतात. हिरवे, तपकिरी, पिवळट, नारिंगी, एकाच जातीत इतके रंग की पहिल्यांदा पाहणाऱ्याला चार वेगळे साप वाटावेत. मला दिसला तो शेवाळी हिरव्यावर विटकरी डागांचा होता, ओढ्यावर झुकलेल्या फांदीवर, कमरेइतक्या उंचीवर. शेपटीचा विळखा फांदीला घट्ट, बाकी शरीर दोन सैल घड्यांत, डोकं खाली ओढ्याकडे. बेडूक सगळीकडे ओरडत होते. पाऊस वाढला तसं त्यानं अंग चपटं केलं. पाठीवर पाणी थेंबाथेंबानं साठायला लागलं, खवल्यांवर अडून राहिलं. मग त्यानं डोकं वळवून स्वतःच्याच घडीला तोंड लावलं आणि पाणी प्यायला लागला. घसा हलताना दिसत होता. अगदी सावकाश, एक घडी संपली की दुसरी.

दुसऱ्या रात्री तो तिथेच होता. तीच फांदी, डोकं त्याच दिशेला.

@अधोरेखित, पाणी पिण्याबद्दल काही माहिती आहे का?

---

अधोरेखित:

हो, आणि तुम्ही अगदी नेमकं टिपलं आहे. कोरड्या प्रदेशातल्या रॅटलस्नेकमध्ये हे वर्तन चांगलं नोंदलेलं आहे. पाऊस किंवा बर्फ पडायला लागलं की ते बिळातून बाहेर येतात, वेटोळं चपटं करून पसरतात आणि अंगावर साठलेलं पाणी पितात. वेस्टर्न डायमंडबॅकच्या खवल्यांचा अभ्यास झाला आहे. त्यांच्या पृष्ठभागावर इतकी बारीक नक्षी असते की थेंब घरंगळून न जाता चिकटून राहतात.

---

खारीचा_वाटा:

बसलेल्या सापाबद्दल बोलताय तर त्याच्यासमोर उभ्या राहणाऱ्या खारीबद्दल लिहिल्याशिवाय राहवत नाही.

कॅलिफोर्नियातली जमिनीवर राहणारी खार आणि रॅटलस्नेक यांचं वैर फार जुनं आहे. पिल्लं सापाचं खाद्य. मोठ्या खारींच्या रक्तात मात्र विष निकामी करणारी प्रथिनं आहेत, त्यामुळे त्या सापासमोर छाती काढून उभ्या राहतात. वाळू उडवतात, शेपटी फुलवून डावी-उजवी हलवतात. २००७ मध्ये संशोधकांनी उष्णतेच्या कॅमेऱ्यातून हे पाहिलं तेव्हा कळलं, की रॅटलस्नेकसमोर खार शेपटीत जास्तीचं रक्त सोडून ती गरम करते. तिथल्या गोफर सापासमोर शेपटी तशीच हलवते, पण गरम करत नाही. गोफर सापाला पिट नसतो! यंत्राची खार करून तिची शेपटी गरम केली तर रॅटलस्नेक जास्त सावध होऊन मागे सरकले.

विचार करा, ही खूण खारीच्या स्वतःच्या डोळ्यांना दिसतच नाही. जो साप ती वाचू शकतो त्याच्यासाठीच ती घडलेली आहे.

आणखी एक. याच खारी रॅटलस्नेकची टाकलेली कात चघळतात आणि मग ते अंगाला चाटून लावतात. सापाचा वास अंगावर चढतो आणि रात्री बिळात फिरणाऱ्या सापाला चकवा बसतो. अंगाला जास्त चाटतात त्या माद्या आणि पिल्लं.

---

कातळकोर:

रानवेल, लेख आवडला, पण मुख्य मुद्दा मला पटत नाही. बसलेला साप खरा आणि उघड्या जबड्याचा खोटा, असं कसं म्हणता येईल? ज्याच्या पायाखाली साप येतो त्याच्यासाठी भय हेच सत्य असतं. कलेने ते का सांगू नये?

तुम्ही ॲझ्टेकांचा दाखला दिलात म्हणून त्यांचंच दुसरं शिल्प घेतो. कोआतलिक्वे. १३ ऑगस्ट १७९० रोजी मेक्सिको सिटीच्या मुख्य चौकात खोदकाम करताना ही देवी वर आली. अडीच मीटरहून उंच. मुंडकं उडवलेल्या मानेतून दोन साप वर येतात आणि एकमेकांसमोर तोंड करतात, त्यातूनच तिचा चेहरा होतो. गळ्यात माणसांचे हात आणि हृदयं. कमरेखाली विणलेल्या रॅटलस्नेकचा झगा. स्पॅनिश अधिकाऱ्यांनी ती विद्यापीठात नेऊन ठेवली. स्थानिक लोक तिच्या पाया पडायला यायला लागले, तेव्हा तिला पुन्हा पुरलं. १८०३ मध्ये जर्मन शास्त्रज्ञ-प्रवासी हंबोल्ट आला, त्याच्या विनंतीवरून उकरून काढली, आणि पुन्हा पुरली.

दगडाला इतकं घाबरावं लागलं. यात कुठे आहे तुमचा शांत बसलेला साप?

---

रानवेल:

कातळकोर, तुमच्या आक्षेपामुळे मला माझं म्हणणं नीट मांडता येईल.

भय दाखवू नये असं मला म्हणायचं नाही. भय दाखवतानासुद्धा पाहिलेला साप दिसतो का, हा माझा प्रश्न. कोआतलिक्वेच्या झग्याकडे जवळून पाहा. वेण्यांसारखे गुंफलेले साप आहेत, आणि प्रत्येकाच्या शेपटीला खुळखुळा आहे, कड्या मोजता येतील असा. चेहऱ्याच्या सापांचे ओठांवरचे खवलेसुद्धा सोडलेले नाहीत. ज्याला नुसती दहशत हवी होती त्याने एवढी मेहनत कशाला घेतली असती? आणि तिच्या पायांखाली, म्हणजे शिल्प उभं असताना कुणालाच दिसणार नाही अशा तळाला, पृथ्वीची देवता त्लालतेकुत्ली कोरलेली आहे. वेटोळ्याच्या सापाचं पोट आणि हिचा तळ, दोन्हींमागे विचार एकच असावा: जमिनीकडची बाजू जमिनीसाठी.

मायांच्या चिचेन इत्सामध्येही हेच दिसतं. योद्ध्यांच्या मंदिराच्या दारातले खांब म्हणजे पिसांचे साप आहेत. डोकं खाली जमिनीवर, धड म्हणजे खांब, आणि वर छताची तुळई पेलणाऱ्या शेपटीला खुळखुळा. साप देव झाला, त्याला क्वेत्झल पक्ष्याची पिसं फुटली, तरी खुळखुळा सुटला नाही. विषुवदिनाच्या सुमारास तिथल्या मोठ्या पिरॅमिडच्या कडेवरून सावल्यांचा साप उतरतो ते पाहायला गर्दी जमते. मला मात्र हे खांब जास्त आवडतात.

भय खरं असायला हरकत नाही. साप खोटा नसावा.

---

शाई_दौत:

अमेरिकेतला पक्षिचित्रकार ऑड्युबॉन, त्याचं नाव अजून कसं आलं नाही?

त्याच्या पक्ष्यांच्या छापील चित्रांत २१ व्या क्रमांकाचं चित्र मॉकिंगबर्डचं आहे. चार पक्षी, घरटं, आणि घरट्यावर चढून आलेला रॅटलस्नेक, जबडा सताड उघडा. चित्र प्रसिद्ध झालं आणि वाद पेटला. रॅटलस्नेक झाडावर चढतच नाही, हा माणूस थापा मारतो, असं चार्ल्स वॉटरटनसारखे टीकाकार म्हणायला लागले. दातांचा बाकही चुकला म्हणून धोपटलं.

पुढे काय ठरलं? टिंबर रॅटलस्नेक झाडावर चढतो. नेहमी नाही, पण चढतो, आणि याच्या पक्क्या नोंदी आहेत. चढण्याबाबत ऑड्युबॉन बरोबर होता. 

रानवेल यांच्या मोजपट्टीवर हे चित्र कुठे बसतं, याचा मी बराच विचार केला. जबडा नाटकी आहे. पण फांदीला घातलेला विळखा आणि शरीराचा भार कुठे पडतो, हे डोळ्यांनी पाहिलेल्या माणसाचं आहे.

---

रानवेल:

@शाई_दौत, सुंदर. माझ्या मते तो अर्धा आत.

---

जुनाझेंडा:

पिवळ्या झेंड्यावरच्या रॅटलस्नेकबद्दल लिहितो. १७७५, अमेरिकन क्रांतीचं पहिलं वर्ष. साउथ कॅरोलायनाच्या क्रिस्टोफर गॅड्सडेनच्या नावाने हा झेंडा ओळखला जातो. गवतावर वेटोळं घातलेला रॅटलस्नेक. आज हा झेंडा राजकीय मोर्च्यांत इतका फिरतो की त्यातला साप कुणी बघतच नाही.

त्याआधी ९ मे १७५४ रोजी बेंजामिन फ्रँकलिनने आपल्या वर्तमानपत्रात आठ तुकडे केलेल्या सापाचं व्यंगचित्र छापलं होतं, वसाहतींनी एक व्हा नाहीतर मरा अशा अर्थाचं. आणि डिसेंबर १७७५ मध्ये एक निनावी पत्र छापून आलं, तेही फ्रँकलिनचंच मानतात. त्यात हा साप देशाचं चिन्ह म्हणून का योग्य, याची कारणं दिली आहेत. त्याला पापण्या नसतात, म्हणून तो कायम जागा. तो आपण होऊन भांडण काढत नाही. आणि इशारा दिल्याशिवाय चावत नाही.

हे सापाचं वर्णन म्हणून बरंचसं खरं आहे. फक्त शेवटचा मुद्दा पूर्ण खरा नाही. पुष्कळदा रॅटलस्नेक खुळखुळा वाजवतच नाही, पानांत गप्प पडून राहतो आणि माणूस शेजारून निघून जातो. आपण तिथे आहोत हे न कळू देणं हा त्याचा पहिला बचाव. वाजवणं नंतरचं.

मला सगळ्यांत जास्त सलतं ते हे: त्या तेरा वसाहतींच्या जंगलांतला साप टिंबर रॅटलस्नेकच. आज मेन आणि ऱ्होड आयलंड या राज्यांतून तो पूर्ण संपला आहे. मारून, बिळं उद्ध्वस्त करून. मादीला पिल्लं व्हायला सात-आठ वर्षं लागतात, कधी जास्तच, आणि पुढेही ती दर वर्षी वीत नाही, मध्ये दोन-तीन वर्षं जातात. अशा जातीतल्या दहा माद्या मारल्या तर एक डोंगर ओस पडतो. झेंडे मात्र वाढत गेले.

---

ओलीपानं:

याला जोडून: हे साप अंडी घालत नाहीत, जिवंत पिल्लं होतात. पिल्लांची पहिली कात पडेपर्यंत, म्हणजे आठवडा-दोन आठवडे, टिंबर रॅटलस्नेकची आई त्यांच्याजवळ थांबते. अनेक गरोदर माद्या एकाच उबदार खडकावर एकत्र येतात आणि पिल्लं एकमेकांच्या अंगावर पडून असतात. उघड्या जबड्याच्या हजार चित्रांमागे हे चित्र एकदा तरी कुणी काढायला हवं होतं.

---

खारीचा_वाटा:

+१. २०२३ मध्ये कॅलिफोर्नियातल्या रॅटलस्नेकवर एक प्रयोग झाला. सापाला बादलीत ठेवून घाबरवलं आणि हृदयाचे ठोके मोजले. एकटा असताना ठोके जेवढे वाढले, तेवढे शेजारी दुसरा साप असताना वाढले नाहीत.

---

कातळकोर:

मारण्याचा विषय निघाला म्हणून. टेक्सासमध्ये स्वीटवॉटर नावाच्या गावात १९५८ पासून दर मार्चमध्ये रॅटलस्नेक पकडण्याची जत्रा भरते. बिळांत पेट्रोलची वाफ सोडून साप बाहेर काढतात. त्या बिळात आणखी कोण कोण असतं याचा विचार नाही. साप लोकांसमोर सोलतात, कातडी, खुळखुळे, मुंडकी विकतात. ही मुंडकी हमखास उघड्या जबड्याची. आता मला रानवेल यांचा मुद्दा थोडा जास्त पटतो आहे, कारण साप असा दाखवला की त्याला मारणं शौर्य वाटायला लागतं.

जॉर्जियातल्या क्लॅक्स्टनमध्ये अशीच जत्रा होती. २०१२ मध्ये तिचं वन्यजीव महोत्सवात रूपांतर झालं. साप दाखवतात, मारत नाहीत. म्हणजे बदलता येतं.

---

शाई_दौत:

होपी लोकांच्या सर्पनृत्याबद्दल कुणी लिहील म्हणून थांबलो होतो.

ॲरिझोनाच्या पठारावर ऑगस्टमध्ये पावसासाठी हा विधी होतो. चारी दिशांना जाऊन साप गोळा करतात, त्यात रॅटलस्नेकही असतात. त्यांना न्हाऊ घालतात, ओठांत धरून नाचतात, आणि शेवटी चारी दिशांना सोडून देतात. साप प्रार्थना घेऊन जमिनीखाली जातात, ही श्रद्धा. बाहेरच्यांची गर्दी आणि कॅमेरे इतके वाढले की होपींनी आधी छायाचित्रणाला आणि मग पाहुण्यांनाच बंदी घातली. जुनी छायाचित्रं आंतरजालावर आहेत, पण कृपा करून इथे कुणी चिकटवू नका. ज्यांचा विधी आहे त्यांना ते नको आहे.

कलेच्या इतिहासात हे नृत्य एका विचित्र वाटेने आलं. जर्मन कला-इतिहासकार अबी वारबुर्ग १८९५-९६ मध्ये या भागात फिरला. सर्पनृत्य त्याने स्वतः पाहिलं नाही. पण होपी मुलांच्या शाळेत त्याने एक वादळाची गोष्ट सांगून चित्रं काढायला लावली. चौदा मुलांपैकी बारा जणांनी शाळेत शिकवलेली नागमोडी वीज काढली. दोघांनी बाणाच्या टोकाचा साप काढला. पुढे मानसिक आजारामुळे तो स्वित्झर्लंडमध्ये क्रॉयट्सलिंगेनच्या रुग्णालयात होता. आपण बरे झालो हे दाखवण्यासाठी २१ एप्रिल १९२३ रोजी तिथेच त्याने व्याख्यान दिलं, आणि विषय निवडला हाच: साप, वीज आणि प्रतिमा.

त्या दोन मुलांनी साप पाहिलेला होता, वीजही पाहिलेली होती. दोन्ही एकच आहेत हे त्यांना घरातून मिळालं होतं. निरीक्षण आणि श्रद्धा यांत नेहमी भांडणच असतं असं नाही, हे मला त्यातून जाणवतं.

---

मुक्ताई_२:

किती सुंदर! आता एक व्यावहारिक प्रश्न. चापडा चावला तर काय? आपल्याकडची लस चालते का?

---

नाडीपरीक्षा:

मी वैद्यकीय क्षेत्रात आहे, म्हणून उत्तर देते.

भारतात मिळणारी सर्पविषावरची लस नाग, मण्यार, घोणस आणि फुरसं या चौघांच्या विषावर बनवलेली आहे. चापड्यांच्या विषावर ती बनवलेली नाही. हिरवा बांबू चापडा किंवा मलबारी चापडा चावला तर खूप वेदना आणि सूज येते, जीव सहसा जात नाही. पण नाक वर वळलेला लहानसा हंपनोज्ड चापडा वेगळा. केरळ आणि श्रीलंकेत त्याच्या दंशाने मूत्रपिंडं निकामी झाल्याचे आणि मृत्यूचेही दाखले आहेत. दिसायला अगदी लहान, पानांत मिसळलेला, म्हणून त्याला हलकं घेतलं जातं. काही वेळा फुरसं समजून लस दिली जाते आणि ती लागू पडत नाही.

करायचं काय? चिरा देऊ नका, चोखू नका, घट्ट आवळपट्टी बांधू नका. चावलेला अवयव हलू देऊ नका, अंगठ्या-घड्याळ काढा, थेट रुग्णालय गाठा. सापाला पकडायला किंवा मारायला जाऊ नका. लांबून फोटो मिळाला तर ठीक. आणि मेलेल्या सापाचं तोडलेलं डोकंसुद्धा बराच वेळ चावू शकतं, त्याला हात लावू नका.

जाता जाता, याच कुळाच्या विषाने वाचवलेले जीवही मोजायला हवेत. ब्राझीलच्या जराराका सापाच्या विषावर काम करताना १९४९ मध्ये ब्रॅडिकायनिन हे रक्तदाब उतरवणारं द्रव्य सापडलं. पुढे सर्जिओ फेरेरा यांनी त्याच विषात त्याचा परिणाम वाढवणारा घटक शोधला, आणि त्या वाटेने रक्तदाबावरचं कॅप्टोप्रिल तयार झालं. अमेरिकेत १९८१ मध्ये ते औषध म्हणून मान्य झालं. हृदयविकारात वापरलं जाणारं एप्टिफिबाटाइड हे पिग्मी रॅटलस्नेकच्या विषातल्या प्रथिनावरून घडवलेलं आहे.

---

तपकिरी_पेन्सिल:

धागा आजच पाहिला, एका बैठकीत वाचला. मी निसर्गचित्रं काढतो आणि सध्या बसलेल्या रॅटलस्नेकचं रेखाटन चालू आहे. डोक्यापर्यंत ठीक वाटतंय, पण खुळखुळा बघून काहीतरी चुकतंय असं वाटतं. मण्यांच्या माळेसारखा दिसतो. आणि कड्यांवरून वय कळतं म्हणतात, तर किती काढाव्यात?

(रेखाटन जोडलं आहे.)

---

रानवेल:

रेखाटन फार छान आहे. हनुवटी टेकवण्याची जागा अगदी बरोबर पकडली आहे.

आधी डोकं. पिट नाकपुडी आणि डोळ्याला जोडणाऱ्या रेषेच्या किंचित खाली घ्या, तुमचा थोडा वर सरकला आहे. डोळ्यावरचा खवला पुढे आलेला असतो. तो रागामुळे नाही, हाडाची आणि खवल्याची ठेवणच तशी. त्याची सावली बुबुळावर पडू द्या.

आता खुळखुळा. तो मण्यांचा नसतो. एकात एक अडकवलेल्या सैल वाट्यांसारखी त्याची रचना असते. प्रत्येक कडीचा मोठा भाग तिच्यापुढच्या जुन्या कडीच्या आत लपलेला असतो, बाहेर फक्त तिचा कडेचा पट्टा दिसतो. म्हणून कड्यांमधली खाच खोल आणि काळी ठेवा, पण फट दाखवू नका. बाजूंनी तो चपटा असतो आणि दोन्ही अंगांना मधून एक खळी लांबवर जाते. ती खळी आली की माळेचा भास जाईल. आत काहीही नसतं, पोकळ केराटिन (आपली नखं ज्याची असतात तेच) एकमेकांवर आपटतं, आवाज त्याचाच.

वय कड्यांवरून कळत नाही. दर कातीला एक कडी वाढते, आणि कात वर्षातून एकाहून जास्त वेळा पडू शकते. शिवाय जुन्या कड्या तुटतात. नवी कडी शरीराकडे येते, सगळ्यांत जुनी टोकाला.

---

अधोरेखित:

चित्रात उपयोगी पडेल अशी आवाजाचीही एक गोष्ट. २०२१ च्या एका अभ्यासात दिसलं, की कुणी जवळ यायला लागलं तसा खुळखुळ्याचा वेग हळूहळू सेकंदाला सुमारे ४० पर्यंत चढतो आणि मग एकदम ६० ते १०० वर उडी घेतो. आभासी जगात हा आवाज ऐकवलेल्या माणसांना साप प्रत्यक्षापेक्षा जवळ आल्यासारखा वाटला. तेव्हा शेपटी धूसर काढायची असेल तर ती चिडलेल्या सापाची. तुमचा साप शिकारीसाठी बसला आहे, त्याची शेपटी स्पष्ट आणि जमिनीवर हवी.

---

तपकिरी_पेन्सिल:

दोघांचेही मनापासून आभार. खळी घालून बघतो. पण माझ्या रेखाटनात टोकाची कडी बारीक आणि बाकी सगळ्या एकाच रुंदीच्या आहेत. ते चालेल का?

---

रानवेल:

नाही, तिथे एक बाजू निवडावी लागेल. टोकाला लहान गोल बटण असेल, तर ते जन्मानंतरच्या पहिल्या कातीपासूनचं, म्हणजे माळ अखंड आहे. मग पुढची प्रत्येक कडी शरीराकडे येताना क्रमाने रुंद होत जायला हवी, कारण साप तेव्हा वाढत होता. मोठा, पूर्ण वाढलेला साप दाखवायचा असेल तर बटण काढून टाका, सात-आठ कड्या सारख्या रुंदीच्या ठेवा आणि शेवटची जराशी तुटक घ्या. तुमच्या सापाची जाडी बघता मी दुसरं करेन.

---

तपकिरी_पेन्सिल:

दुसरंच करतो. सुधारलेलं रेखाटन इथेच टाकेन.